कुडाळच्या डॉक्टरबाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरबाई,
सविनय नमस्कार.

माझ्या वजनावर आजवर पुष्कळांनी उपाय सुचवले. त्याची हकिकत मात्र आपणच प्रथम विचारलीत. गुडघेदुखीसाठी मी आपल्याकडे आले होते. वजन कोणत्या वयात वाढू लागले आणि त्या सुमारास घरात काय चालले होते, एवढेच विचारून आपण पेन खाली ठेवलेत. त्याबद्दल जाहीर आभार मानावेत म्हणून हे लिहीत आहे. नाव घालत नाही, कारण आमची वाडी लहान आहे आणि आई अजून तिथेच राहते.

मी चौथीत असल्यापासून, गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून येणारा एक नातेवाईक माझ्याशी जे वागत असे, ते काही वर्षे चालले. घर पाहुण्यांनी भरलेले असे आणि आरती-भजनाच्या गडबडीत कोणाचे लक्ष नसे. त्याच काळात मी रात्री उठून स्वयंपाकघरात जाऊ लागले. अंधारात, उभ्यानेच, टोपातला गार भात आणि बांगड्याच्या तिखल्याचा तळाशी उरलेला रस, नाहीतर डब्यातले खोबरे आणि गूळ, पोट भरल्यावरही मी खात राहायचे. तेवढा वेळ छातीतली धडधड थांबायची. शेजारणी म्हणत, "पोर खात्यापित्या घरची दिसते हो," आणि आईलाही ते ऐकून बरे वाटे.

हे सारे ऐकून घेतल्यावर आपण अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्याविषयी सांगितलेत. १९८०च्या दशकात त्यांच्या वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातून, ज्यांचे वजन उत्तम उतरत होते असेच रुग्ण मध्येच निघून जात. त्यांच्या मुलाखती घेतल्यावर अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले, आणि काहींना तर आपल्या जाडीचा आधारच वाटत होता. त्यातूनच पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह बालपणीचे आघात आणि पुढचे आरोग्य यांचा संबंध पाहणारा १७,०००हून अधिक प्रौढांचा अभ्यास उभा राहिला आणि १९९८पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. ते ऐकताना मला माझ्यासाठी स्थळे पाहत होते ते दिवस आठवले. घरच्यांनी भात बंद करून मला नाचणीच्या भाकरीवर ठेवले, वजन उतरले, येणारा-जाणारा कौतुक करू लागला आणि मला मात्र चारचौघांत जाण्याचीच धास्ती बसली. पावसाळा संपायच्या आत सगळे वजन परत आले आणि हिला जिभेवर ताबाच नाही, असे म्हणून सगळे मोकळे झाले.

तरीही आपण सगळे खापर बालपणावर फोडले नाहीत, याचे मला विशेष वाटते. थायरॉइड आणि साखरेच्या तपासण्या आपण करून घेतल्यातच. २०१४ साली ४१ अभ्यासांतील १,९०,२८५ व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा बालपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्यांत स्थूलतेची शक्यता सुमारे १.३६ पट आढळली. म्हणजे धोका वाढतो, पण असे सोसलेला प्रत्येक जण स्थूल होत नाही, आणि कोणी जाड दिसले म्हणून त्याच्या बालपणाविषयी तर्क लढवू नयेत, हे आपण बजावलेत. दीर्घकाळच्या ताणामुळे कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचे चक्र बिघडू शकते, झोप आणि भूक यांचा मेळ राहत नाही, आणि गोड-तेलकट खाण्याने घटकाभर मिळणारा आराम शरीर लक्षात ठेवते, हेही मला तेव्हाच समजले.

आणखी काही गोष्टी आपल्याला कदाचित क्षुल्लक वाटत असतील. आपला वजनकाटा आतल्या खोलीत आहे आणि आकडा कोणी मोठ्याने वाचत नाही. एके ठिकाणी कंपाउंडरने माझे वजन रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल असे पुकारले होते. रक्तदाबाचा मोठा पट्टा आपल्याकडे असतो. स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी आपण विचारता, "लावू ना?" आणि त्या दिवशी, मी निघण्यापूर्वी, तो माणूस आज कोणा लहान मुलांच्या सहवासात आहे का, हे आपण स्पष्ट विचारलेत. तो आता हयात नाही. पण हा प्रश्न आमच्या घरातल्या मोठ्यांना कधी सुचला नव्हता.

आपण सुचवलेल्या समुपदेशक ताईंकडे मी नियमित जाते. रात्रीचे उठणे बरेच कमी झाले आहे. वजन थोडेच उतरले आहे, पण या वेळी ते उतरताना भीती वाटत नाही.

माझी मामेबहीण दिवाळीनंतर देवगडहून आपल्याकडे येणार आहे. तिला मधुमेह आहे आणि वजनावरून बोलणी खाऊन तिने दवाखान्यात जाणेच सोडले होते. परतीची एसटी चुकू नये म्हणून तिला सकाळची वेळ द्यावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मालवण तालुक्यातील एक रुग्ण