‘केमोत होतंच असं’ याच्या पुढचे बोलायला शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

केमोथेरपीच्या डे-केअर विभागात तुम्ही रोज इतके रुग्ण हाताळता, की माझा चेहरा तुमच्या लक्षात असेलच अशी माझी अपेक्षा नाही. माझे उपचार आता पूर्ण झाले आहेत. डॉक्टरांचे आभार मी समक्ष मानले. तुमचे मात्र सविस्तर मानायचे राहून गेले होते, कारण स्वतःच्या शरीराविषयी डॉक्टरांशी नेमके कसे बोलावे, हे मला तुम्ही शिकवले.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध सुरू झाल्यावर माझ्या हातापायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. ओपीडीत मी तसे सांगितले, तेव्हा ‘केमोत होतंच असं’ एवढे उत्तर मिळाले आणि पुढच्या रुग्णाची फाईल उघडली गेली. सलाइन लावून घेताना मी हे तुमच्याजवळ बोलले. तुम्ही डॉक्टरांना दोष दिला नाही आणि माझी समजूतही काढत बसला नाहीत. तुम्ही विचारले, ‘शर्टाचं बटण लावता येतं का? पेन धरता येतं? पायऱ्या उतरताना पाऊल कुठे पडलं ते कळतं?’ मग हाताची शीर शोधता शोधताच तुम्ही समजावून सांगितलेत, की मज्जातंतूंच्या या त्रासाची तीव्रता ठरवताना मुंग्या किती येतात यापेक्षा त्यामुळे कोणती कामे अडली हे अधिक पाहिले जाते. रोजची घरातली-बाहेरची कामे अडू लागली तर ती दुसरी पायरी, कपडे घालण्यासारख्या स्वतःच्या गोष्टींनाही मदत लागू लागली तर तिसरी, आणि औषधाचा डोस तसाच ठेवायचा, कमी करायचा की थांबवायचा हा निर्णय बराचसा या पायऱ्यांवर अवलंबून असतो.

पुढच्या भेटीत मी ‘मुंग्या’ हा शब्द उच्चारलाच नाही. ‘बटणे लावायला मला दुसऱ्याची मदत लागते, आणि पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी मला ते कळले नाही,’ असे सांगितले. त्याच डॉक्टरांनी लिहिणे थांबवले, मला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली हलवला आणि तो कोणत्या दिशेला गेला ते विचारले. माझी उत्तरे चुकत होती. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न मी तेव्हा वाचून दाखवला: डोस कमी केला तर उपचाराचा गुण किती कमी येईल, आणि नाही केला तर हा त्रास कायमचा राहण्याची शक्यता किती? त्या दिवशी त्यांनी मला पुरेसा वेळ दिला, आणि डोस कमी करण्याचा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला. केमो बंद होईल या धास्तीने पुष्कळ रुग्ण असा त्रास लपवतात, हे तुम्ही सांगितले नसते तर माझ्या ध्यानातही आले नसते.

तुमची दुसरी शिकवण एका वाक्याची होती आणि तिचा उपयोग एका रात्री ताप आला तेव्हा झाला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, म्हणून ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला की आधी पॅरासिटामॉल घेऊन तो उतरवायचा नाही, तर तडक रुग्णालय गाठायचे आणि पहिले वाक्य हेच म्हणायचे: ‘मला केमो चालू आहे, शेवटची केमो अमुक तारखेला झाली, आणि आता ताप आहे.’ तातडीच्या विभागात मला आधी रांगेत बसायला सांगण्यात आले. मी आवाज चढवला नाही. तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश म्हटले. ते एका निवासी डॉक्टरांच्या कानावर पडले, रक्त तपासायला गेले आणि अँटिबायोटिक लगेच सुरू झाले. अशा तापात पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे, हे मला आधीच ठाऊक असल्यामुळे मी मागणी करीत होते ती अवास्तव नव्हती, याची खात्री होती.

अमेरिकेतील मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी मी पुढे वाचले. पसरलेल्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांनी केमोच्या काळात आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवली, आणि ज्यांच्या वाढत्या त्रासाची सूचना नर्सना आपोआप मिळत गेली, त्यांतले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांतले निम्मे २६ महिन्यांहून अधिक. ही पद्धत तुम्ही कागद-पेन घेऊन, खुर्चीमागून खुर्ची फिरत आधीपासून चालवत होता.

एक गोष्ट मात्र मला अजूनही पटत नाही. ज्याला धड उभे राहवत नाही, त्यानेच आपली बाजू नेटाने मांडावी, ही अपेक्षा मुळात अन्यायाची आहे. तुम्हीही हे जाणून होता, असे मला वाटते, कारण माझ्याबरोबर आलेल्यांनी परस्पर ‘काही त्रास नाही’ असे उत्तर दिले, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, ‘मी त्यांना विचारते आहे.’ आणि सुईजवळ जळजळ होते आहे असे मी अर्धवट म्हणताक्षणी तुम्ही आधी औषध थांबवले, मग तपासले. त्या वेळी मला काहीच पटवून द्यावे लागले नाही.

हाताची बोटे आता बरीच सुधारली आहेत. पायांना अजून वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणतात. तुमच्या चिठ्ठीवरचे प्रश्न मी एका स्वच्छ कागदावर उतरवून, तुमची परवानगी गृहीत धरून, नव्याने केमो सुरू होणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दिले आहेत. त्यांचे केमोचे औषध ऑक्झालिप्लॅटिन आहे आणि त्याने गार स्पर्शानेही मुंग्या येतात, त्यामुळे थंड वस्तू हातात धरवते का, हा प्रश्न त्यात मी वाढवला. आणखी काही घालायला हवे असेल, तर जरूर कळवा.

आपली कृतज्ञ,
तुमची एक रुग्ण