दिल्या, पेपर काढायचाच तर पोरांना त्यांचा काढू दे

पुणे

प्रिय दिल्या,

परवा फोनवर म्हणालास की तुमच्या कॉलेजात पोरांचं वर्तमानपत्र सुरू करायचं चाललंय, प्राचार्यांनी तुला सल्लागार केलंय, आणि मग तुझी लेक्चरची वेळ झाली नि विषय तिथंच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. छपाईचं बिल कोण भरणार? आणि पान प्रेसला जायच्या आधी कोण बघणार? दोन्हीचं उत्तर 'कॉलेज' असेल तर तुम्ही काढताय तो वार्षिकांकच, फक्त दर महिन्याला.

वार्षिकांकाला मी नावं ठेवत नाहीये हं. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची पहिली कविता तिथंच छापून आली. पण पहिल्या पानावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, मग प्राचार्यांचं मनोगत, मग गॅदरिंगचे फोटो, त्यात हॉस्टेलला पाणी का येत नाही हे कुठं येणार? येऊच शकत नाही, तो त्यासाठी नसतोच.

आपला तो चार पानी अंक आठवतोय ना, नारायण पेठेतल्या त्या जिन्याखालच्या डीटीपीवाल्याकडे काढायचो तो? श्रीलिपीत टाइप करून घ्यायचं, ट्रेसिंगवर प्रिंट काढायची, एखादी वेलांटी चुकली की तेवढाच शब्द कापून वरून चिकटवायचा आणि मग प्लेटला द्यायचं. त्यातली लायब्ररी डिपॉझिटची बातमी मला अजून सगळ्यात मोठी वाटते. कॉलेज सोडून गेलेल्या पोरांचं डिपॉझिट ऑफिसात तसंच पडून राहायचं, कारण ते परत मिळतं हेच कुणाला माहीत नसायचं. आपण फक्त एवढंच छापलं की अर्ज कुठल्या खिडकीत मिळतो, पावती हरवली असेल तर काय लिहून द्यायचं, आणि खिडकी किती ते किती उघडी असते. टीका नाही, आरोप नाही, काही नाही. पुढच्या आठवड्यात त्या खिडकीसमोर जिन्यापर्यंत रांग! आणि लगेच आपल्याला ऑफिसात बोलावणं, की यापुढे छापायच्या आधी दाखवत जा. तेव्हा आपण 'नाही' असं म्हणू शकलो ते आपण फार शूर होतो म्हणून नाही रे, प्रेसचं बिल झेरॉक्सवाला, मेसवाल्या काकू आणि टायपिंग क्लास यांच्या जाहिरातींतून जायचं म्हणून. कॉलेजचे पैसे असते तर पुढचा अंक निघालाच नसता.

पुण्यात बसून हे लिहिताना केसरीची आठवण येणारच. आपल्याला शाळेत तो लोकमान्यांचा पेपर म्हणून शिकवला, पण मला त्यातलं वय भारी वाटतं. १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, लगेच जानेवारी १८८१ ला केसरी आणि मराठा, पुढे १८८५ ला फर्ग्युसन. म्हणजे कॉलेजच्या आधी पेपर आलाय! टिळक आणि आगरकर दोघंही १८५६ चे, म्हणजे केसरी निघाला तेव्हा चोविशीत, तुझ्या एमएच्या पोरांपेक्षा थोडेच मोठे. केसरीचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी, बर्व्यांनी, अब्रूनुकसानीचा खटला भरला, टिळक आणि आगरकर दोघंही मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस राहून आले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच, पण तिचा अर्धा भाग सांगायचा राहतो. ज्या पत्रांच्या भरवशावर बर्व्यांवर लिहिलं होतं ती पत्रं कोर्टात बनावट निघाली. हेतू शंभर टक्के खरा आणि कागद खोटा, असं होऊ शकतं. तुझ्या पोरांना हे पहिल्याच मीटिंगला सांग. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नाही, ज्याच्यावर लिहिताय त्याला आधी फोन करा, त्याचं म्हणणं त्याच बातमीत छापा.

आणि दुसरं म्हणजे मतभेद. समाजसुधारणेवरून पटेना तेव्हा आगरकरांनी १८८७ ला केसरी सोडला आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा सुधारक काढला, इंग्रजी बाजू सांभाळायला गोखले. हे सगळे एकाच संस्थेत शिकवत होते! एकाच स्टाफरूममधून एकमेकांच्या विरुद्ध लिहिणारे दोन पेपर, आणि पुढे १८९२ ला तेच आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तुमच्या प्राचार्यांना कॉलेजच्या बदनामीची भीती वाटत असेल तर हे जरूर सांग.

आता अमेरिकेचं सांगतो, कारण कॉलेजच्या पोरांचा स्वतंत्र पेपर ही गोष्ट तिथं खूप रुजली. हार्वर्डचा क्रिमझन १८७३ पासून चालू आहे, येल डेली न्यूज १८७८ पासून. पण जुना म्हणजे स्वतंत्र असं काही नसतं. बर्कलीचा डेली कॅलिफोर्नियन १८७१ चा, तो स्वतंत्र झाला थेट १९७१ मध्ये. पीपल्स पार्क नावाच्या जागेवरून आंदोलन चाललं होतं, पोरांनी अग्रलेखात ती जागा परत घ्या असं लिहिलं, विद्यापीठानं संपादकांना काढायला घेतलं, आणि त्या भांडणातून पेपर विद्यापीठाबाहेर पडला, स्वतःच्या पायावर.

त्याच वर्षी तिकडे स्टॅनफर्डला आंदोलनाचे फोटो शोधायला पोलीस वॉरंट घेऊन थेट स्टॅनफर्ड डेलीच्या ऑफिसात घुसले. पोरं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि १९७८ मध्ये हरली. पण त्या हरण्यावरून एवढी चर्चा झाली की १९८० मध्ये काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदाच केला, पत्रकारांकडच्या कागदपत्रांना अशा झडतीपासून संरक्षण देणारा. कॉलेजच्या पेपरमुळे देशाचा कायदा बदलला रे! तोच पेपर १९७३ ला स्वतंत्र झाला, आणि पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच्या बातम्यांमुळे चौकशी बसून स्टॅनफर्डचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाव्हीन यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या आकृत्यांमध्ये फेरफार दिसत होते. चौकशीत त्यांनी स्वतः लबाडी केली असं निघालं नाही, पण इतरांनी केलेले फेरफार सापडले आणि चुका वेळेवर दुरुस्त केल्या नाहीत हा ठपका राहिला. बातम्या देणारा मुलगा पहिल्या वर्षाला होता, फर्स्ट इयर! अध्यक्षांच्या सहीनं पैसे मिळणाऱ्या पेपरात हे छापून आलं असतं असं मला तरी वाटत नाही.

उलटं उदाहरण अगदी ताजं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडियाना विद्यापीठानं तिथल्या पोरांच्या पेपरला सांगितलं की छापील अंकात बातम्या नकोत, फक्त होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याची, माहिती द्या. सल्लागारानं ते ऐकलं नाही तर त्याला नोकरीवरून काढलं (तुझ्यासारखाच सल्लागार, म्हणून मुद्दाम सांगतोय) आणि छापील अंकच बंद केला. कागदावर त्या पेपरला संपादकीय स्वातंत्र्य होतं हं. पण पगार आणि छपाई विद्यापीठाच्या हातात. मग काय झालं, तर शेजारच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या स्वतंत्र पेपरच्या पोरांनी खास अंक छापला आणि गाडीत घालून तिकडे नेऊन वाटला. एरवी या दोन विद्यापीठांचं हाडवैर! ओरड एवढी झाली की विद्यापीठाला छपाईवरचा निर्णय मागे घ्यावा लागला. हे वाचताना मला खरंच भरून आलं.

तर आता तुझ्याकडे. कॉलेजनं पहिल्या अंकापुरती खोली, कॉम्प्युटर देऊ दे, घे. छपाईचे पैसे मात्र पोरांनी उभे करू देत, गावातल्या दुकानांच्या छोट्या जाहिराती, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी, आणि हिशोब दर अंकात शेवटच्या पानावर छापायचा. बँकेत खातं वेगळं. नियमित काढायचं म्हणजे नोंदणीचं बघावं लागेल, १८६७ चा जुना कायदा गेला, नवा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय आणि अर्ज ऑनलाइन करता येतो, ते पोरांनाच करू दे म्हणजे मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं का छापतात ते कळेल. तू काय करायचंस? बातमी कशी तपासायची ते शिकव, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकव, आणि अंक छापून झाल्यावर लाल पेन घेऊन बस. छापून झाल्यावर. आधी मागितलंस की उद्या प्राचार्य तुझ्याकडे मागतील आणि तुला नाही म्हणता येणार नाही.

इंग्रजी का मराठी असं विचारलं होतंस ना, मराठीच. कॉलेजच्या क्लार्कनं आणि मेसवाल्या मावशींनीही वाचला पाहिजे.

पहिल्या अंकाला जाहिरात कमी पडली तर माझ्या दुकानाची घे, पाव पान, दर पोरं सांगतील तो. दिवाळीनंतर मी तिकडे येतोच आहे, तेव्हा संपादक कोण केलाय त्याची गाठ घालून दे. वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
अव्या