बेरिंग समुद्रातल्या कुर्ल्या

प्रिय संद्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. अलास्काच्या कुर्ल्या संपल्या म्हटल्यावर तू लगेच 'ट्रॉलरवाल्यांनी ओरबाडल्या असणार' म्हणून मोकळा झालास, मालवणात बसून तेच सुचणार म्हणा. पण इथलं प्रकरण वेगळंय. सिएटलला त्या कुर्ल्या धरणाऱ्या बोटींचा कायमचा मुक्काम, त्यामुळे इथे हा विषय निघतोच.

या स्नो क्रॅब जातीच्या कुर्ल्या २०१८ च्या आसपास अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात कधी नव्हे इतक्या होत्या आणि २०२१ पर्यंत १० अब्जांच्या वर गायब! बरं, मासेमारीत ठेवतात फक्त मोठे नर, माद्या नि पिल्लं परत पाण्यात, तरी तीपण गेलीच ना.

झालं काय, तर हिवाळ्यात वर बर्फ धरतो तेव्हा खालचं गार खारट पाणी तळाला बसतं आणि उन्हाळाभर २ डिग्रीच्या खाली राहतं. पिल्लं त्यातच वाढतात, कारण कॉड मासा त्या गारठ्यात फारसा शिरत नाही. २०१८ आणि २०१९ ला बर्फच धड धरला नाही, कॉडला रान मोकळं. पण खरा घात भुकेने केला रे. ३ डिग्रीचं पाणी काही कुर्लीला मारत नाही, फक्त ० डिग्रीला लागतं त्याच्या जवळपास दुप्पट खाणं लागतं, आणि त्यात तळाला ही गर्दी, खायला आणणार कुठून? २०१८ ला तेवढ्याच कवचाच्या कुर्ल्या आदल्या वर्षीपेक्षा वजनाला कमी भरल्या. तू बाजारात हातात तोलून 'ही पोकळ आहे' म्हणून परत टाकतोस ना, तशा. २०२३ ला 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात यावर पेपर आला, त्यातही मुख्य कारण उपासमारच दिलंय.

ऑक्टोबर २०२२ ला सीझन पहिल्यांदाच पूर्ण बंद. आपल्याकडची बंदी १ जूनला लागते नि दोन महिन्यांत उठते, इथे सलग दोन सीझन गेले. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावर तर गावाचा खर्चच क्रॅबच्या टॅक्सवर चालायचा, त्यांची काय अवस्था झाली असेल बघ. २०२४ ला परत उघडलं, पण त्या सीझनला पकडायचा कोटा अगदीच थोडा, ४७ लाख पौंडांच्या आसपास. मला तर ती घाईच वाटते, पण कर्ज काढून बोट घेतलेल्याला हे कोण सांगणार.

तुमच्याकडे यंदा बांगडा कसा आहे ते सविस्तर लिही, व्हॉइस मेसेज नको, अर्धा वाऱ्यातच जातो. काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या