आई, तुझे टोंगळे वेगळे आणि माझे पाय वेगळे

नागपूर
19 जानेवारी

ती. बाबा व ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचून दाखवा. फोनवर तिला काही सांगायला गेलं की ती "बरं, बरं" म्हणते आणि लगेच माझं जेवण झालं का ते विचारते. म्हणून लिहायला बसले.

काल बोलता बोलता तुम्ही सांगितलं, की दिवाळीत फडताळात राहिलेल्या माझ्या पट्टीतली एकेक गोळी आई चार दिवस रात्री घेत होती. परवा कापूस वेचताना तिला गरगरलं, पाय लटपटले आणि भरलेली ओटी सोडून ती धुऱ्यावर बसून राहिली. "तिले वाटलं दुखणं एकच, मंग गोळीबी एकच," असं तुम्ही म्हणालात. मला रात्रभर झोप आली नाही.

आई, ती गोळी बॅक्लोफेन. ती दुखण्याची गोळी नाहीच. माझ्या पायांचे स्नायू विनाकारण ताठ होतात, त्यांना ती ढिलं करते. तुझे स्नायू ताठ नाहीत. झिजलेल्या टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, उलट त्यांचाच आधार असतो. तो आधार ढिला झाला, वर गुंगी आली, म्हणून तू बसलीस. धुऱ्यावर बसलीस ते बरं, विहिरीकडे निघाली असतीस तर? सकाळीच मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. चारच गोळ्या झाल्यात, त्या थांबवायला हरकत नाही म्हणाले. माझं मात्र तसं नाही. मी रोज घेते, ती मी एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून उरलेली पट्टी फेकू नका, जपून ठेवा.

तुला वाटलं त्यात तुझी चूक नाही. आपल्याकडे पाय धरले की वात, सांधे धरले की वात. माझीही पहिली तीन वर्षं त्यातच गेली. कुणी म्हणालं 2006 च्या चिकनगुनियाचं राहिलेलं आहे, कुणी आमवाताची इंजेक्शनं दिली. रक्तात आमवाताचं काही निघेना, गुडघ्यावर सूज नव्हती, तरी गोळ्या सांध्यांच्याच चालू. त्याआधी एकदा माझ्या डाव्या डोळ्याला तीन आठवडे धूसर दिसत होतं, डोळा हलवला की दुखायचा. पायासाठी गेलेल्या बाईला डोळ्याचं कोण विचारणार? मीही सांगितलं नाही. 2016 मध्ये एमआरआय झाला तेव्हा ते दोन धागे एकत्र आले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव कळलं.

बाबा, तुमच्या मोटरपंपावरून सांगते, म्हणजे आईलाही कळेल. मागे विहिरीवरची वायर उंदरानं कुरतडली होती. मोटर धडधाकट होती, पण करंट नीट पोचत नव्हता, मध्येच झटका देऊन बंद पडायची. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे तेच. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तारांवरचं आवरण कुरतडते. पायाला निरोप अर्धवट पोचतो, आणि वरून जो लगाम असायला हवा तो सुटल्यामुळे स्नायू आपल्या मनानं आवळून बसतात. माझे टोंगळे ही ती धडधाकट मोटर. आई, तुझी वायर शाबूत आहे, तुझं बेअरिंग झिजलंय. बेअरिंग झिजलेलं असताना वायर बदलून काय होणार?

दिवाळीचं अभ्यंगस्नान आठव. तुला वाटलं कडकडीत पाण्यानं पोरीचे पाय मोकळे होतील, कारण तुला शेकलं की आराम पडतो. तू बंबातलं पाणी ओतत होतीस आणि मला माझे पाय पाटावर असून नसल्यासारखे वाटायला लागले. उठायला गेले तर उठताच येईना. तू घाबरलीस, बाबांना हाक मारलीस, दोघांनी मला धरून बाजेवर नेलं. अर्ध्या तासानं अंग निवलं आणि मी आपली आपण चालत चुलीपाशी आले. तेव्हा तू म्हणालीस, नजर लागली. नजर नव्हती गं. आवरण गेलेल्या तारेतून करंट आधीच कसाबसा जातो, अंग तापलं की तोही अडतो, निवलं की पुन्हा सुरू होतो. एमआरआय नव्हता त्या काळात डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून हाच आजार ओळखायचे. म्हणून मे महिन्यात, आपल्याकडे 45 च्या पुढे ऊन जातं तेव्हा, मी गावी येत नाही. तुम्हाला वाटतं नागपूरची सवय लागली. तसं नाही, बाबा.

आणखी एक. परत निघताना एसटीच्या पायरीवर माझा उजवा पाय टकटक टकटक उडत होता, शिवणयंत्राच्या पायट्यावर असावा तसा. तुम्ही म्हणालात, थंडी वाजते का? चवडाच पायरीवर होता आणि टाच लोंबत होती, म्हणून ते झालं. टाच दाबून टेकवली की थांबतं. असं टोंगळ्याच्या झिजेत होत नाही. आई, तुझा पाय कधी असा उडालाय का? रात्री झोपेत आपोआप ताठ होऊन पांघरूण लाथाडतो का? दोन्ही मांड्या एकमेकींवर कात्रीसारख्या आवळून बसतात का? माझ्या बसतात. लघवी तुंबली, पोट साफ झालं नाही, अंगात कणकण असली की जास्तच. त्या वेळी तू जोर लावून पाय वाकवायला जातेस, रगडून तेल लावतेस. माया कळते मला, पण जेवढ्या झटक्यानं ओढशील तेवढा तो अडून बसतो. हळूहळू, तळव्याखाली हात ठेवून वाकवला तर आपसूक सैल होतो.

डॉक्टर हेच बघतात. आधी पाय सावकाश वाकवतात, मग एकदम. माझा पाय सावकाश वाकतो, एकदम वाकवला की मध्येच कुठेतरी अडकतो, मग सुटतो. तुझ्या टोंगळ्याला वेगाचं काही नाही. सावकाश वाकव नाहीतर भरकन, शेवटाला गेलं की कळ येते, आणि हात ठेवला तर आत करकर लागते. तू बसून राहिलीस की बरं, वावरात गेलीस की संध्याकाळी जास्त. पहाटे उठल्यावर आखडतं, पण गोठ्यापर्यंत जाऊन आलीस की मोकळं होतं. ते मी चार दिवस मुद्दाम पाहिलं, दहा-पंधरा मिनिटांच्या वर गेलं नाही. तासभर आखडून राहिलं असतं, हाताची पेरं गरम होऊन सुजली असती, तर खरा आमवात आहे का ते तपासावं लागलं असतं. करंज्या लाटताना तुझ्या बोटांच्या अगदी शेवटच्या पेरांवर टणक गाठी दिसल्या. त्या बहुतेक झिजेच्याच असतात. तरी तेही डॉक्टरांना दाखव, निर्णय त्यांनाच देऊ दे.

मला तर दारातल्या चपलांवरूनच कळलं होतं. तुझ्या दोन्ही चपलांची बाहेरची कड झिजलीय, कारण टोंगळे बाहेर वाकलेत आणि भार तिकडे जातो. माझी डावी चप्पल नव्यासारखी आणि उजवीचं टोक घासून कागदासारखं पातळ. पाऊल पुरतं उचलत नाही, अंगठा जमिनीला लागतो. कधी चप्पल पायातून सुटून मागं राहते आणि चार पावलं गेल्यावर समजतं.

आता माझीच चूक सांगते, म्हणजे तुला एकटीला बोलल्यासारखं वाटायला नको. सप्टेंबरात जिना उतरताना माझ्या उजव्या टोंगळ्यात आतल्या बाजूनं कळ यायला लागली. मी गृहीत धरलं की आजार वाढला. दोन महिने कुणाला सांगितलं नाही, रात्री रडले, व्हीलचेअरच्या किमती बघून ठेवल्या. मग डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं तर एका जागी लखकन दुखलं, थोडी सूज होती. एक्स-रेत झिजेची सुरुवात दिसली. ताठ पायामुळे चालताना माझा टोंगळा दर पावलाला मागं झटका खातो, त्यानं सांधा लवकर झिजतो. म्हणजे माझ्याजवळ आता माझंही आहे आणि तुझंही आहे. बॅक्लोफेनची गोळी वाढवून ते गेलं नसतं, उलट पाय आणखी ढिला पडला असता. मांडीचा व्यायाम आणि मागं झटका बसू नये म्हणून पट्टा, एवढ्यानं पुष्कळ उतार आहे.

बाबा, आता पुड्यांचं. दसऱ्यापासून आई, मी पूर्वी घ्यायचे त्याच ठिकाणच्या औषधाच्या पुड्या घेते, हे मला काल कळलं. माझ्या वेळी त्यांनी दोन दिवसांत आराम पडला होता आणि महिन्यात माझं तोंड फुगलं होतं, आठवतं ना? अशा बिनानावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड कुटून घातलेलं असतं. त्यानं दुखणं दबतं, सांधा जसा झिजायचा तसा झिजतो, वर साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. परवा फोनच्या पडद्यावर आईचा चेहरा मला भरलेला वाटला. पण ऐका, रागानं आजच्या आज फेकून देऊ नका. तीन महिने स्टेरॉईड पोटात गेलं असेल तर एकदम तोडणंही धोक्याचं असतं. नवीन आणू नका, आहेत त्या सोबत घ्या, कसं थांबवायचं ते डॉक्टर सांगतील.

मंगळवारी मी सुट्टी काढली आहे. तुम्ही आर्वीहून सकाळच्या गाडीनं निघा, मी वर्ध्याच्या बसस्टँडवर थांबते, तिथून सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ. उभ्यानं टोंगळ्याचा एक्स-रे, साखर, रक्तदाब, किडनी, एवढं तरी त्याच दिवशी होऊन जाऊ दे. तोवर, आई, उकिडवं बसायचं नाही, भाजी चिरायची तीही खुर्चीवर. पाय लांब करून टोंगळ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, ती खाली दाब, पाच आकडे मोज, सोड. एका पायाला दहादा, सकाळ-संध्याकाळ. उजवा जास्त दुखतो ना, मग काठी डाव्या हातात धर. आणि तळव्याला बधिरपणा आला, पाऊल फरपटायला लागलं, लघवीला थांबवता आलं नाही, तर ते टोंगळ्यांवर ढकलू नकोस. मणक्यात नस दाबली गेली तरी असं होतं. त्याच दिवशी मला फोन.

तू एकदा म्हणालीस, "तुह्यासमोर माह्या टोंगळ्याचं काय मोठं?" म्हणून तू लपवतेस, म्हणूनच गुपचूप गोळी घेतलीस. आई, माझ्या आजारासाठी नागपुरात डॉक्टर आहे, औषध आहे, 2016 च्या अपंग हक्क कायद्यात त्याचं नावसुद्धा आहे. तुझ्या टोंगळ्यांसाठी इतक्या वर्षांत एक एक्स-रे काढलेला नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्यात माझाही वाटा आहे, कारण घरातला सगळा पैसा आणि सगळी काळजी माझ्याच पायांकडे गेली.

बाबा, वेचणी दोन दिवस मागं पडली तर पडू द्या. पुड्या आणि माझी पट्टी पिशवीत घाला, आणि आईच्या पायात आत्ताची घासलेली चप्पलच असू द्या. नवी घालून आणू नका, डॉक्टरांना तीच दाखवायची आहे.

तुमची लेक