रविवारची मीटिंग – एनपीटीईएल (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स) आणि पुढचं करिअर

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 11 वाजता धरमपेठेतल्या नेहमीच्या हॉलमध्ये भेटायचंय, बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीवाल्यांनी शिफ्ट आजच ॲडजस्ट करून घ्या.

विषय एकच, नोकरी सांभाळून पुढं शिकायचं कसं.

एनपीटीईएलचं बरेच जण विचारत होते म्हणून सांगतो, कोर्स 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे असतात, नाव नोंदवायला आणि व्हिडिओ बघायला पैसे लागत नाहीत, फी फक्त परीक्षेची, आणि परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यावी लागते. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 मार्क पाहिजेत, दोन्हीकडे. मागच्या वेळी आपले तिघं परीक्षेला बसूनही असाइनमेंटमुळं राहिले, फार वाईट वाटलं, तेव्हा दर आठवड्याची डेडलाइन चुकवू नका.

येताना:
– एका पानाचा बायोडाटा
– 3 वर्षांनी कुठल्या कामात असायचंय ते दोन ओळींत लिहून आणा, डिझाइन, मेंटेनन्स, क्वालिटी काहीही चालेल पण विचार करून लिहा

गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) देणाऱ्यांनी जुनं स्कोअरकार्डही आणा, स्कोअर निकालापासून 3 वर्षं चालतो.

नव्या पोरांना सोबत घेऊन या, त्यांना याची जास्त गरज आहे. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, तर्री पोह्यांची ऑर्डर द्यायची आहे.