बाबा, ते भंगार नाहीये

प्रिय आई, बाबा,

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं की दर शनिवारी त्या भंगार विमानापाशी जाऊन तू एवढं करतेस तरी काय, आणि मला धड सांगताच आलं नाही, मागे कंप्रेसर चालू होता आणि बाकीचे माझ्यासाठी थांबले होते. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. पत्र लांबेल, पण बाबा, तुमचं आख्खं आयुष्य लेथवर गेलंय, तुम्हाला यातलं सगळं कळेल.

विमान आहे हॉकर हंटर, ब्रिटिश लढाऊ जेट. सिडनी कॅमने डिझाईन केलेलं, ज्याने त्याआधी दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन विमान केलं तोच. पहिल्यांदा उडालं जुलै 1951 मध्ये. 1953 च्या सप्टेंबरमध्ये नेव्हिल ड्यूक या टेस्ट पायलटने लाल रंगाच्या हंटरवर ताशी 727 मैलांचा वेगाचा जागतिक विक्रम केला होता, ते विमान इथे इंग्लंडात टँगमिअरच्या म्युझियममध्ये आहे, मी दोनदा बघून आले. आणि आपल्या हवाई दलाकडेही 1957 पासून हंटर होती, डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडलेली, जैसलमेरहून उडालेली विमानं म्हणजे हंटरच. आमच्या हंटरच्या नावावर असलं काही नाही. नोकरी केली, रिटायर झालं, आणि मग वर्षानुवर्षं एका जुन्या धावपट्टीच्या गेटजवळ उन्हापावसात उभं राहिलं. आता त्याला म्युझियमच्या हँगरमध्ये आणलंय.

आणलंय हे लिहायला दोन सेकंद लागतात, पण तिथून हलवायलाच आमचे कित्येक शनिवार गेले. सगळ्यात आधी विमान "सेफ" करायचं. पायलटची सीट मार्टिन-बेकर कंपनीची, इजेक्शनवाली, म्हणजे संकटात पायलटला सीटसकट बाहेर फेकणारी, तिच्या खाली स्फोटक काडतुसं असतात, ती खरंच काढलेली आहेत याचा कागद असला तरी त्यातला जाणकार माणूस येऊन स्वतः बघेपर्यंत कॉकपिटमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही. मग कॉकपिटमधली जुनी काट्यांची घड्याळं. अंधारात चमकावेत म्हणून त्यांच्या काट्यांना रेडियमचा रंग लावलेला असायचा, चमक कधीच मेलेली असते पण रेडिएशन तसंच असतं, म्हणून आधी मीटर फिरवायचा. हायड्रॉलिकमध्ये प्रेशर अडकलंय का, टाक्यांच्या तळाशी इंधन राहिलंय का, तेही बघायचं. मला आधी वाटायचं ही सगळी कागदी भानगड आहे. आता मीच नवीन पोरांना कॉकपिटपासून लांब उभं करते.

मग सुटे भाग करायचे. हंटरची एक गोष्ट मला फार आवडते, इंजिन बदलणं सोपं जावं म्हणून शेपटीकडचा सगळा भागच मागे ओढून काढता येतो, आणि नाकाखालच्या चार तोफा गोळ्यांच्या पेट्यांसकट एकाच गठ्ठ्यात खाली उतरतात, नळ्या मात्र विमानातच राहतात. म्हणजे डिझाईन करणाऱ्याने मेकॅनिकचा विचार केला होता. पण नाकाकडचं वजन असं काढत गेलं की विमान शेपटीवर बसू शकतं, म्हणून प्रत्येक भाग काढायच्या आधी तोलाचा हिशोब, शेपटीखाली घोडी, आणि घोडी लावायची ती जिथे आत फ्रेम आहे तिथेच, नुसत्या पत्र्याखाली लावली तर पत्रा आत जातो.

पंख मुळाशी जाड बोल्टांनी जोडलेले असतात आणि ते बोल्ट जाम झाले होते. बाबा, तुम्ही म्हणाल गॅसची टॉर्च मार. इथे ते चालत नाही, ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू उष्णतेनेच कडक केलेली असते, परत तापवली की ताकद गेलीच समजा. म्हणून दर वेळी थोडं तेल सोडायचं, हलकेच ठोकायचं, पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे. शेवटचा बोल्ट सुटायला दोन शनिवार-रविवार गेले. मधेच एकजण वैतागून म्हणाला, कटर आणतो. आमच्या यार्डात दुसरं एक जेट आहे, त्याचे पंख पूर्वी कुणीतरी घाईत कटरने कापून आणले होते, मुख्य तुळईच तोडलेली. ते आता पुन्हा नीट जुळणार नाही, बाहेरून पट्ट्या मारून उभं केलंय फक्त. मी त्याला हाताला धरून तिथे घेऊन गेले आणि ते दाखवलं. मग कटरचं नाव कुणी काढलं नाही.

रस्त्याचा प्रवास मात्र शांतपणे झाला. रुंद लोड असलं की पोलिसांना आधी कळवावं लागतं, रूट ठरलेला, पंख आडवे न ठेवता लाकडी फ्रेममध्ये उभे बांधलेले, मी मागच्या गाडीत होते आणि पूर्ण वेळ एका पट्ट्याकडे बघत बसले होते.

खरं काम हँगरमध्ये आल्यावर सुरू झालं. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते, आणि काही ठिकाणी तर धातू आतून फुगून पापुद्रे सुटतात, जुन्या वहीची भिजलेली पानं फुगतात ना तसे. याचं कारण बहुतेक वेळा साधं पाणी. विमानाच्या पोटाला पाणी निथळायला छोटी भोकं असतात, ती पानांनी, पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजली की पाणी आत साचतं, आणि जिथे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे ओल मिळाली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यात पूर्वी कुणीतरी पाणी शिरू नये म्हणून चांगल्या मनाने सगळ्या फटी सिलिकॉनने बंद केल्या होत्या. त्या जातीच्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो बघा, ते ॲसिडच, आणि शिवाय आतलं पाणी आतच कोंडलं. वरून गाडीची पुट्टी थापून रंग मारलेला, म्हणजे बाहेरून गुळगुळीत आणि आत हा प्रकार. सडलेला पत्रा कापून तिथे नवीन बसवतोय. रिव्हेट मारायला दोघं लागतात, एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मी अंगाने लहान म्हणून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या बोगद्यात झोपून ठोकळा धरायचं काम माझं. कानात प्लग असले तरी प्रत्येक रिव्हेट दातांत वाजतो. पण नीट बसलेल्या रिव्हेटचा आवाज वेगळा असतो, तो आता मला न बघता कळतो.

आई, तू मास्कचं विचारलं होतंस. जुन्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट नावाचं रसायन असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो, म्हणून आम्ही ते कोरडं घासत नाही, पाणी लावून घासतो, पूर्ण मास्क, पूर्ण सूट, आणि ते कपडे घरी आणत नाही. काळजी करू नकोस, यात मी अजिबात ढिलाई करत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. रंग काढायच्या आधी आम्ही एका जागी रुपयाएवढा गोल पॉलिश पेपरने हळूहळू घासत नेतो, कडेला कमी, मध्ये जास्त, म्हणजे प्रत्येक थर एकेका रिंगसारखा दिसतो, झाडाच्या बुंध्यासारखा. सगळ्यात वर गेटवर असतानाचा करडा रंग, त्याखाली दुसरा करडा, मग गडद हिरवा, मग प्रायमर, मग धातू. शेपटीजवळ घासताना एका जुन्या आकड्याची कड वर आली. त्या दिवशी चहाची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही.

आणि त्याच आठवड्यात पोटाखालचं एक पॅनेल उघडलं तर आतल्या बाजूला कुणीतरी दोन अक्षरं आणि तारीख लिहिलेली. पेन्सिलीने. मेकॅनिकांना पहिल्याच दिवशी शिकवतात की ॲल्युमिनियमवर पेन्सिल चालवायची नाही, कारण पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाईट, आणि ओल लागली की ग्रॅफाईटच्या शेजारचं ॲल्युमिनियम झिजायला लागतं. इथे तेच झालं होतं. काळी रेघ जवळपास पुसली गेली होती पण तिच्या खाली अक्षरं धातूत खाल्ली गेली होती, बोट फिरवलं की लागतात. म्हणजे त्या माणसाने नियम मोडला म्हणून त्याची अक्षरं राहिली, आणि राहिली ती विमानाला खाऊनच.

यावर आमच्यात बराच वाद झाला. नियमाने बघितलं तर तो गंज आहे, घासून काढा आणि पुढे चला. मी म्हटलं नाही, हे विमान परत उडणार नाही, त्या पॅनेलवर काही भार येणार नाही, गंज थांबवणं आपलं काम, ती अक्षरं मिटवणं नाही. नवीन चकाचक पत्रा आपण कधीही बनवू, हे हस्ताक्षर परत मिळणार नाही. शेवटी ठरलं की पॅनेल नीट धुवायचं, क्षार काढायचे, वर पारदर्शक लॅकर मारायचं आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचं. धुवायचं काम मी मागून घेतलं. मऊ ब्रश, शुद्ध पाणी, आणि मध्ये मध्ये भिंगातून बघणं. पूर्ण शनिवार गेला.

रंगाचं अजून ठरलेलं नाही. काहींना नवी कोरी चमक हवीय. मला वाटतं, सेवेत असतानाचा जो थर सापडलाय त्याच्याशी जुळवूनच रंग द्यावा आणि तो गोल तसाच उघडा ठेवावा, येणाऱ्याला दिसू दे.

पुढच्या शनिवारी डावा पंख परत चढवायचाय, बोल्ट साफ करून ग्रीस लावून ठेवलेत. रात्री उशीर होईल, म्हणून रविवारी फोन दुपारनंतर करेन.

बाबा, एक सांगा. तुम्ही जॉबवर खूण कशाने करायचात, खडूने की सुईने? आणि कधी आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्वतःचं अक्षर कोरलं होतंत का? फोनवर आठवणीने सांगा.

तुमची लेक