क्लचचा पाय

सांगली

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "अप्पा, दुर्बिणीनं पाठीचं ऑपरेशन, एकच टाका, दुसऱ्या दिवशी घरी, मग अडलंय कुठं?" बोलण्यात तुझ्यापुढं माझा टिकाव लागत नाही, म्हणून लिहितोय.

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबलीय. कळ डाव्या पायात, नेमका क्लचचा पाय! एसटीनं दिलेली जादा पेन्शन, असं तुझी आई म्हणते.

दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट नाही. साधारण आठ मिलिमीटरची चीर, बरेचदा भूलही तेवढ्या जागेपुरती, स्नायू फारसे दुखावत नाहीत. पण चीर लहान असली तरी आतली नस तीच. तिला धक्का लागणं, वरचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग हे क्वचित का होईना घडतं. गादी पुन्हाही सरकू शकते. आणि पायाची कळ गेली तरी जुनी कंबरदुखी जाईलच असं नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं.

त्यांनी नेदरलँड्समधला २००७ सालचा एक अभ्यासही सांगितला. २८३ रुग्ण, निम्म्यांना लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवलं. ते ऑपरेशन दुर्बिणीचं नव्हतं, पण प्रश्न आपलाच. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, वर्षभरानं मात्र दोन्हीकडचे शंभरातले ९५ बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के शेवटी टेबलावर गेलेच, तेही लपवत नाही. म्हणजे ऑपरेशननं वाचतो तो वेळ. ड्युटीवर असतो तर उद्याच आडवा झालो असतो. आता मला कुठली गाडी सोडायचीय?

पाठीतल्या इंजेक्शनचंही विचारलं. आराम मिळाला तर बहुधा थोड्या दिवसांचा, आणि स्टेरॉइडनं साखर चढते. माझी साखर तुला ठाऊक आहे.

सातवा आठवडा चालू आहे. रात्री अजून झोप लागत नाही, खोटं कशाला सांगू. पण पूर्वी वाण्याच्या पायरीवर टेकावं लागायचं, परवा स्टँडपर्यंत न थांबता गेलो. बारा आठवडे बघतो. मध्येच पाऊल उचलेनासं झालं तर थांबणार नाही. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा. आईनं ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

बाराव्या आठवड्यातही असंच राहिलं, तर तू रजा टाक. फाईल लावून ठेवलीय.

तुझे अप्पा